ब आणि ल यांची अदलाबदल: एका गूढ शब्दकोड्याचं प्रकरण

रात्री साडेअकराला मामेभावाने फोटो पाठवला. मी बनवलेल्या शब्दकोड्याची पूर्ण भरलेली चौकट, एकही घर रिकामं नाही, खाडाखोडही फारशी नाही. खाली लिहिलं होतं, "ताई, सुटलं." मी माझं उत्तर शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघत गेले आणि नवव्या क्लूपाशी थांबले. माझ्याकडे बहर, त्याच्याकडे लहर. पुढे आणखी एक. माझ्याकडे गजल, त्याच्याकडे गजब. बाकी सगळं तंतोतंत तेच.

पहिल्यांदा वाटलं की त्याचं चुकलं. मग दहा मिनिटं बसून त्याचं चूक आहे हे सिद्ध करायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. त्याच्या उत्तराने माझा एकही नियम मोडला नव्हता. म्हणजे माझ्या कोड्याला दोन उत्तरं होती आणि दोन्ही बरोबर होती, आणि ज्या कोड्यात सोडवणाऱ्याने तास दोन तास घालवायचे त्यात याहून मोठा दोष नाही असं मला मनापासून वाटतं. क्लू अवघड असला तर माणूस दुसऱ्या दिवशी परत बसतो, पण दोन बरोबर उत्तरं असली तर तो सगळं नीट करूनही चुकतो.

तर हे प्रकरण पहिल्यापासून सांगते.

आपण रोज बघतो त्या शब्दकोड्यात क्लू म्हणजे अर्थ. धोंडा म्हटलं की दगड. गूढ शब्दकोड्यात क्लूमध्ये दोन वाटा असतात, एक अर्थाची आणि दुसरी अक्षरांच्या खेळाची, आणि दोन्ही एकाच शब्दावर येऊन मिळतात. माझ्या कोड्यातलाच एक क्लू घ्या:

आनंद गडबडला, पोटात धोंडा (२)

वाचताना वाटतं कुणा आनंदची काहीतरी गोची झाली. पण "पोटात" म्हणजे आत बघा. आनंद गडबडला या दोन शब्दांची अक्षरं सुटी करा: आ, नं, द, ग, ड, ब, ड, ला. मधली तीन सलग वाचली की दगड. आणि धोंडा हा त्याचा सरळ अर्थ. दोन्ही वाटा जुळल्या की कुणाला विचारावं लागत नाही, उत्तर आपलं आपल्याला पटतं. गूढ कोड्याची सगळी गोडी त्या पटण्यात आहे.

आता कंसातला आकडा बघा. दगड तीन अक्षरांचा आणि कंसात दोन. तिथेच या कोड्याचा विषय सुरू होतो.

शब्दकोडं म्हणून आपण जे ओळखतो ते पहिल्यांदा आलं २१ डिसेंबर १९१३ ला, न्यूयॉर्क वर्ल्ड या वर्तमानपत्रात, आर्थर विन यांनी बनवलेलं, आकार हिऱ्यासारखा. गूढ क्लूंची परंपरा मात्र वाढली ब्रिटनमध्ये. ऑब्झर्व्हर या तिथल्या वर्तमानपत्रात १९२६ पासून टॉर्केमाडा या टोपणनावाने कोडी यायची, १९३९ मध्ये ती जागा झिमेनीझ यांनी घेतली, आणि १९७२ मध्ये अझेड यांनी, हीही टोपणनावंच. आणि लिसनर नावाच्या साप्ताहिकात १९३० पासून जी कोडी आली त्यांनी वेगळाच पायंडा पाडला, म्हणजे क्लूचं उत्तर मिळालं म्हणून ते जसंच्या तसं चौकटीत लिहायचं असं नाही, आधी त्यात काहीतरी बदल करायचा, कधी एक अक्षर गाळायचं, कधी बदलायचं, कधी एका उत्तरातून काढून दुसऱ्यात घालायचं, आणि ते बदल मिळून काहीतरी सांगतात. साप्ताहिक १९९१ मध्ये बंद झालं, पण ती कोडी द टाइम्समध्ये पुढे चालू राहिली. अझेडनी झिमेनीझ यांच्या विचाराचं सार तीन गोष्टींत सांगितलंय: क्लूमध्ये नेमका अर्थ हवा, न्याय्य अशी दुसरी वाट हवी, आणि याशिवाय काहीही नको. मी कोडी बनवायला बसते तेव्हा यातलं न्याय्य हे एकच विशेषण डोक्यात ठेवते.

मला तसलं, उत्तरं बदलून लिहायचं कोडं मराठीत करायचं होतं. कल्पना साधी. पाच उत्तरांतून एकेक अक्षर बाहेर पडतं. दुसऱ्या पाच उत्तरांत एकेक अक्षर राहायला येतं. चौकटीत लिहायचा तो बदललेला शब्द, आणि तोही खराखुरा शब्दच असला पाहिजे. बाहेर पडलेली पाच अक्षरं क्लूच्या क्रमाने वाचली की जे मिळतं ते कोड्याचं नाव, चौकटीच्या डोक्यावर पाच रिकामी घरं ठेवलीत तिथे लिहायचं.

नाव होतं घर बदल. घ, र, ब, द, ल. पाचही अक्षरं बिनमात्रेची, आणि अर्थ बघा ना, कोड्यातल्या चौकोनाला आपण घरच म्हणतो आणि अक्षरं खरोखर घर बदलतायत. हे सुचलं तेव्हा मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं होतं. विषय आणि करामत एकच असली तर कोडं आतून धरून राहतं, नुसता सण बघून दहा शब्द पेरले की झालं विषयाचं कोडं, असं मला कधीच पटलेलं नाही.

पण मराठीत अक्षर हलवायचं म्हणजे नक्की काय हलवायचं हा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. इंग्रजीत एका चौकोनात एक लेटर, विषय संपला. आपल्याकडे एका घरात आख्खं अक्षर बसतं, त्याची काना मात्रा वेलांटी अनुस्वार सगळं धरून, जोडाक्षर असलं तरी एकच घर. म्हणूनच मराठीत दोन घरांचे शब्दही मजेत चालतात. मी ठरवलं की हलेल ते पूर्ण अक्षर, आणि मागे राहिलेल्या अक्षरांच्या मात्रांना हात लावायचा नाही. चालक मधला ल गेला की चा आणि क तसेच राहतात, चाक. नुसता काना हलवायचाही एक वेगळा खेळ होऊ शकतो, वार मधला काना उचलून मन ला दिला की इकडे वर राहतं आणि तिकडे मान होतो, फार सुंदर आहे ते, पण दोन्ही एकाच कोड्यात घातलं तर सोडवणाऱ्याने शोधायचं तरी काय काय. ते पुढच्या वेळी.

शब्द शोधायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. शब्दांची यादी द्यायची, तो प्रत्येक शब्दातलं एकेक अक्षर काढून बघणार की उरलेला शब्द यादीत आहे का. पहिल्यांदा चालवला तर भलताच कचरा आला. कारण कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला कोड कळतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, काना हा स्वतंत्र कोड आहे, अनुस्वारही स्वतंत्र. त्यामुळे बालक आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो पण कॉम्प्युटर मोजतो चार: ब, काना, ल, क. अंतर पण चार. गळा दोन घरांचा, मोजणी तीन. प्रोग्राम बिचारा काना काढून बलक करत होता आणि आपण आख्खं अक्षर काढलं असं समजत होता. मग कोडऐवजी आख्ख्या अक्षरांनुसार शब्दाचे तुकडे करायची सोय वापरली आणि यादी एकदम स्वच्छ आली. मराठीत शब्दखेळाचं काही करणाऱ्या प्रत्येकाला ही ठेच लागतेच.

यादीतून निवडलेले पाच देणारे शब्द असे. घसरण मधला घ गेला की सरण. वारस मधला र गेला की वास. बगळा मधला ब गेला की गळा. दगड मधला द गेला की गड. चालक मधला ल गेला की चाक. यातला वास मला विशेष आवडला, कारण वास म्हणजे राहणंही, म्हणजे घराच्या विषयात तो आपोआप बसला.

यातले क्लू करताना मजा आली. घसरणचा असा:

मोठ्या हातोड्यात शिक्षक सापडले, भावाची उतरण (३)

मोठा हातोडा म्हणजे घण, शिक्षक म्हणजे सर, घणाच्या आत सर घातले की घ-सर-ण. वारसचा:

शाबासकी, मग गोडी. इस्टेट याच्याच नावावर (२)

शाबासकी वा, गोडी रस. चालकाचा: "आधी चाल, मग कवितेचं तोंड, गाडी याच्या हातात (२)", इथे कवितेचं तोंड म्हणजे तिचं पहिलं अक्षर. बगळ्याला मात्र अक्षरांचा खेळ केलाच नाही, "एका पायावर ध्यान, लक्ष माशावर (२)" एवढंच. सगळेच क्लू कारागिरीचे असले की डोकं शिणतं, मधे एखादा नुसता हसवणारा हवा.

घेणारे पाच शब्द पहिल्या आवृत्तीत असे होते: टका, अंत, हर, मत, गज. टका ला घ मिळाला की घटका. अंत ला र मिळाला की अंतर. हर ला ब मिळाला की बहर. मत ला द मिळाला की मदत. आणि गज ला ल मिळाला की गजल. यांचे क्लूही छोटे छोटे. टका साठी "काट उलटून टाका, शंभरातला एक (३)". मत साठी "अंधार उलटला की हे द्यावं (३)", अंधार म्हणजे तम, उलटा वाचला की मत. अंत साठी "हा कुणाचा पाहू नये, तो शेवटच असतो (३)". हर साठी "प्रत्येक शंकर (३)", हर म्हणजे प्रत्येक आणि हर म्हणजे शंकर. गज साठी "हत्ती खिडकीला लावला? (३)", कारण खिडकीलाही गज असतात.

चौकट सात बाय सात, एकूण २४ क्लू, त्यातले हे १०, बाकीचे १४ साधे म्हणजे उत्तर आहे तसंच लिहायचे. वर सूचना अशी दिली होती: पाच उत्तरांतून प्रत्येकी एक अक्षर बाहेर पडतं, ही पाच अक्षरं दुसऱ्या पाच उत्तरांत एकेक करून राहायला जातात, कंसातला आकडा घरांचा आहे, चौकटीतला प्रत्येक शब्द खरा आहे. कुठले दहा ते सांगितलं नव्हतं. कोण कुणाला देतं तेही सांगितलं नव्हतं, कारण तेच तर शोधायचं होतं.

आता मामेभावाने काय केलं ते बघा. देणारे पाचही त्याला बरोबर मिळाले, डोक्यावर घर बदल लिहिलं. पाच अक्षरं हातात आली. घ टका ला दिला, र अंत ला, द मत ला. हातात उरले ब आणि ल, समोर उरले हर आणि गज. हर पुढे ल ठेवला, लहर झाली. गज मागे ब ठेवला, गजब झालं. दोन्ही खरे शब्द. चौकट भरली.

मी त्याला फोन केला. म्हटलं, "अरे, गजल का नाही लिहिलंस?"

"ताई, गझल लिहितात ना झ ने? ज ने गजल मला शब्दच वाटला नाही. गजब लगेच बसलं."

आणि बरोबर होतं त्याचं. जुन्या छपाईत गजल दिसतो, पण आज मराठीत सगळे गझल लिहितात, म्हणजे माझं उत्तरच दोघांमध्ये कच्चं होतं आणि त्याचं पक्कं. माझ्या यादीत गजल होता म्हणून प्रोग्रामने दिला आणि गझलेवर प्रेम असल्यामुळे मी तो उचलला, त्यापुढे विचार केला नाही.

पण स्पेलिंग हा वरवरचा भाग झाला. खरी गोम अशी होती की बहर मधलं पहिलं घर, जिथे ब बसतो, तिथून एकही उभा शब्द जात नव्हता. आणि गजल मधलं शेवटचं घर, जिथे ल बसतो, तिथूनही नाही. एरवी तीन घरांच्या शब्दाचं एक घर असं मोकळं असलं तर बिघडत नाही, कारण क्लूवरून आख्खा शब्द मिळालेला असतो. पण इथे क्लू फक्त हर सांगतो आणि गज सांगतो. राहायला आलेलं अक्षर क्लूमध्ये नसतंच. म्हणजे नेमकं जे घर फक्त आडव्या उभ्याच्या छेदाने सिद्ध होऊ शकतं तेच मी दोन्हीकडे मोकळं ठेवलं होतं. आणि डोक्यावरचं घर बदल इथे काही मदत करत नाही, कारण ते नाव देणाऱ्यांकडून येतं. कुठलं अक्षर कुठे राहायला गेलं याबद्दल ते गप्प आहे.

हे मला आधी का दिसलं नाही? कारण मला उत्तर माहीत होतं. मी प्रत्येक जोडी तपासली होती: हर ला ब दिला की शब्द होतो का, हो. गज ला ल दिला की होतो का, हो. विचारायचा प्रश्न वेगळा होता. हर ला आणखी कुणी चालतं का? आणि हर तर असा शब्द आहे की त्याला जवळजवळ कुणीही चालतं, शहर, जहर, कहर, पहर. गज चं पण तेच, गजर, गरज, गजब. हे दोघे यादीतले सगळ्यात सैल शब्द आणि मी ते एकाच कोड्यात शेजारी आणून ठेवले.

त्या रात्री मी वहीत पाच बाय पाचचा तक्ता काढला. वर पाच अक्षरं, डावीकडे पाच घेणारे, आणि प्रत्येक चौकोनात प्रश्न एकच, हे अक्षर या शब्दात कुठेही घातलं तर कोशात मिळेल असा शब्द होतो का. पंचवीस चौकोन. क्रियापदाची चालती रूपं धरायची नाहीत असं ठरवलं, नाहीतर मत ला र मिळून रमत आणि मरत पण होतात. टका च्या ओळीत घ ला खूण, घटका, आणि ल ला पण खूण, लटका. अंत च्या ओळीत एकटा र. मत च्या ओळीत एकटा द. हर च्या ओळीत ब आणि ल. गज च्या ओळीत र, ब आणि ल. एकूण नऊ खुणा.

नऊ खुणा असणं वाईट नाही. त्यातून प्रत्येक अक्षराला एक आणि प्रत्येक शब्दाला एक अशी जुळणी किती प्रकारे होते ते महत्त्वाचं. घ ला टका शिवाय जागाच नाही, म्हणजे लटका बाद. अंत ला र शिवाय कुणी चालत नाही, म्हणजे गजर आणि गरज बाद. द मत कडे. आणि मग उरतो तोच चौकोन, ब आणि ल, हर आणि गज, चारही खुणा भरलेल्या. दोन जुळण्या. तक्त्यात ते इतकं स्वच्छ दिसत होतं की हा तक्ता आधी का काढला नाही याची हळहळ वाटली.

दुरुस्तीचे तीन मार्ग होते. मामेभावाचं म्हणणं होतं की सूचनेतच लिहून टाक, पहिल्या देणाऱ्याचं अक्षर पहिल्या घेणाऱ्याला, दुसऱ्याचं दुसऱ्याला. त्याने उत्तर एकच झालं असतं हे खरं. पण मग सोडवणाऱ्याला एक बाजू मिळाली की दुसरी फुकट मिळते, शोधायचं काही उरत नाही, आणि ज्या गोष्टीसाठी कोडं केलं तीच सूचनेने खाऊन टाकली असं होतं. कोड्यातली अडचण सूचना वाढवून सोडवणं मला शक्यतो नकोच असतं. दुसरा मार्ग, दोन्ही मोकळ्या घरांतून उभे शब्द न्यायचे. तिसरा, गज काढून टाकायचा आणि ल साठी असा शब्द आणायचा ज्याला ल शिवाय यातलं कुणी चालत नाही.

मी दुसरा अर्धा आणि तिसरा पूर्ण केला. ल साठी शब्द शोधताना प्रोग्रामला या वेळी उलटा प्रश्न विचारला, असा शब्द दे की घ, र, ब, द यातलं काहीही घातलं तर शब्द होत नाही आणि ल घातला की होतो. त्यात बाक मिळाला. बाक मध्ये ल आला की बालक. आणि क्लू तर हातात आयताच आला:

बाबा कसेबसे आत आले, बसायला जागा (३)

बाबा कसेबसे यात आत बघा, बा-बा-क-से, बाक दडलाय. मला हा सगळ्या कोड्यातला सगळ्यात आवडता क्लू वाटतो, आणि तो चूक दुरुस्त करताना हाती आला. चालकाने दिलेला ल बालकाला मिळतो हेही आपसूक जमून आलं.

बहर च्या पहिल्या घरातून मी एक उभा शब्द नेला, बखर. त्यासाठी कोपऱ्यातले तीन साधे शब्द बदलावे लागले, अर्धा दिवस गेला. तक्ता पुन्हा काढला. आता सात खुणा: टका ला घ आणि ल, अंत ला र, हर ला ब आणि ल, मत ला द, बाक ला ल. ल ला तीन ठिकाणी जागा आहे, पण बाक ला ल शिवाय कुणी नाही, म्हणून ल तिथेच. मग हर ला ब. टका ला घ. जुळणी एकच. म्हणजे बखर नसता तरी उत्तर एकच येत होतं, पण मी बखर ठेवला, कारण सोडवणाऱ्याने माझ्यासारखा पंचवीस चौकोनांचा तक्ता काढावा अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. त्याला चौकटीतच पुरावा मिळायला हवा.

त्याच नजरेने मग देणाऱ्यांकडेही परत बघितलं आणि तिथेही एक जागा सापडली. वारस दोन घरांत बसवायचा आहे. र काढला की वास. पण स काढला तर वार, तोही शब्द. वा काढला तर रस, तोही शब्द. तीन शक्यता, आणि प्रत्येकीत बाहेर पडणारं अक्षर वेगळं. चालकाचंही तसंच, ल काढला तर चाक, क काढला तर चाल. या दोन्ही शब्दांची दोन्ही घरं उभ्या शब्दांनी बांधलेली आहेत ना ते पुन्हा तपासलं. होती. शिवाय इथे नाव पण मदतीला येतं, स बाहेर पडला तर घ स ब द ल असं काहीतरी होतं आणि माणूस लगेच मागे फिरतो. देणाऱ्या बाजूला दोन पुरावे आहेत, घेणाऱ्या बाजूला एकच, म्हणून काळजी जास्त घ्यायची ती घेणाऱ्या बाजूला. इतक्या वर्षांत मी कोडी बनवताना हे असं शब्दांत कधी मांडलं नव्हतं.

दुसरी आवृत्ती मामेभावाला देऊन उपयोग नव्हता, त्याला अर्धी उत्तरं माहीत. ती दिली एका निवृत्त शिक्षिकेला, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, रोजचं शब्दकोडं पेनाने सोडवणाऱ्या. गूढ प्रकार त्यांनी फारसा केलेला नव्हता. मी शेजारी बसले आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं.

बाईंनी सुरुवात साध्या क्लूंनी केली. आनंद गडबडला त्यांना दुसऱ्या मिनिटाला दिसला, दगड असं मोठ्याने म्हणाल्या आणि लिहायला गेल्या तर घरं दोन. "अगं, हे तर मावत नाही." मी गप्प. त्यांनी सूचना परत वाचली, उभा शब्द बघितला, पहिल्या घरात ग येत होता. "द बाहेर गेला," म्हणाल्या, आणि समासात द लिहून त्याला गोल केला. तिथून पुढे त्यांच्या समासात गोल केलेली अक्षरं जमत गेली, आणि चौथं अक्षर आल्यावर पाचव्याची वाट न बघता त्यांनी वर घर बदल लिहून टाकलं आणि मग उरलेला देणारा कुठला असेल ते उलट्या बाजूने शोधलं. असंही सोडवता येतं हे मी धरलंच नव्हतं आणि ते बघून फार बरं वाटलं.

घेणाऱ्यांपाशी आल्या तेव्हा टका मिळाल्याबरोबर लिहिलं लटका. माझा श्वास अडकला. अंतर झालं, मदत झाली, बखर मुळे बहर झाला, आणि शेवटी समासात घ एकटा उरला. समोर बाक. त्यांनी बाक मध्ये घ घालून बघितला, आधी, मधे, शेवटी. मग पेनाने लिहिलेल्या लटका कडे बघितलं, ल वर रेघ मारली, बारीक अक्षरात वर घ लिहिला आणि तो ल बाणाने बाकापर्यंत ओढत नेला.

"हा चुकीच्या घरी राहत होता," म्हणाल्या.